लागोस ते ह्यूस्टन : हकीम ओलाजुवॉनची घडण (१९७८–१९८५)

१/
बर्लिन ऑलिम्पिक, १९३६. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तेथे कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली, हा वऱ्हाडच्या अभिमानाचा विषय आहे. त्याच ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल प्रथमच पदकाचा खेळ ठरला. मातीच्या उघड्या मैदानावर, भर पावसात झालेल्या अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडाला १९–८ असे हरवले. स्पर्धेत इजिप्तचा संघही होता. म्हणजे ऑलिम्पिक बास्केटबॉलच्या पहिल्या दिवसापासून आफ्रिका मैदानात होती. तरीही ‘आफ्रिकी बास्केटबॉलपटू’ जगाच्या नजरेत भरायला जवळपास अर्धे शतक जावे लागले. ज्याच्यामुळे ते घडले, त्याच्या उमेदवारीच्या वर्षांचा हा धागा.

२/
हकीम ओलाजुवॉनचा जन्म २१ जानेवारी १९६३ रोजी लागोस येथे झाला. कुटुंब योरुबा, मुस्लिम. आईवडिलांचा सिमेंटचा व्यवसाय. नायजेरियाला स्वातंत्र्य मिळून तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षे झाली होती. १९६७ ते १९७० या काळात देशाने भीषण यादवी युद्ध पाहिले. १९७३ मध्ये लागोसने आफ्रिकी क्रीडास्पर्धांचे यजमानपद भूषवले. विस्कटलेल्या राष्ट्राला एकत्र बांधण्याचे एक साधन म्हणून नायजेरियाने खेळांकडे पाहिले. ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवली पाहिजे.

३/
या मुलाचे पहिले प्रेम बास्केटबॉल नव्हते. तो फुटबॉलमध्ये गोलरक्षक होता आणि हँडबॉल खेळत असे. गोलरक्षकाला चेंडू येण्यापूर्वीच त्याचा अंदाज बांधावा लागतो. हँडबॉलमध्ये हुलकावणी देत, वेगाने दिशा बदलत अंगावर आलेल्या प्रतिस्पर्ध्याला चुकवावे लागते. पुढे ज्या पदलालित्याने अमेरिका थक्क झाली, त्याची मुळे या दोन खेळांत आहेत. खुद्द ओलाजुवॉननेही त्याचे श्रेय वारंवार याच खेळांना दिले आहे.

४/
१९७८ च्या सुमारास तो मुस्लिम टीचर्स कॉलेजच्या हँडबॉल संघासोबत सोकोटो येथे अखिल नायजेरिया शिक्षक क्रीडा महोत्सवाला गेला. लागोस देशाच्या नैर्ऋत्येस समुद्रकाठी, तर सोकोटो पार वायव्येस. तेथे हँडबॉल संघाला स्पर्धेत उतरता आले नाही, म्हणून या उंच मुलाला बास्केटबॉल खेळण्याची मुभा मिळाली. तेव्हा त्याचे वय पंधरा. अनेक अमेरिकन मुले या वयापर्यंत सात-आठ वर्षे सराव करून मोकळी झालेली असतात.

५/
त्या दिवसांतली एक हकीकत प्रसिद्ध आहे. चेंडू उडी मारून थेट कड्यात कसा दाबायचा, हे एका प्रशिक्षकाने खुर्चीवर उभे राहून दाखवले. ओलाजुवॉनही खुर्चीवर चढू लागला! खुर्चीविना करायचे आहे, असे सांगितल्यावर प्रारंभी त्याला ते जमेना. गोष्ट गमतीची आहे. पण खेळ अंगी भिनण्यापूर्वीचा ओलाजुवॉन तीत स्पष्ट दिसतो. उंची होती, चपळाई होती, ठाऊक नव्हता तो केवळ खेळाचा व्याकरण-नियम.

६/
१९८० मध्ये तो ह्यूस्टन विद्यापीठात दाखल झाला. तेथील प्रशिक्षक गाय लुईस यांच्या परिचयाच्या एका गृहस्थाने त्याची शिफारस केली होती. विद्यापीठाला मात्र फारशी अपेक्षा नसावी. विमानतळावरून त्याने दूरध्वनी केला, तेव्हा न्यायला कोणी आले नाही. टॅक्सी करून या, असे उत्तर मिळाले.

७/
१९८०–८१ चा संपूर्ण हंगाम तो सामन्यांबाहेर राहिला, कारण पात्रतेची मान्यता मिळाली नव्हती. १९८१–८२ मध्ये तो मैदानात उतरला, पण सामन्यागणिक सरासरी सुमारे १८ मिनिटेच, गुण ८.३, रिबाउंड ६.२. संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि तरुण मायकेल जॉर्डनच्या नॉर्थ कॅरोलायनाकडून हरला. मग ओलाजुवॉनने प्रशिक्षकांना विचारले : अधिक खेळायला मिळावे म्हणून काय करू?

८/
उत्तर मिळाले ते फाँडे रिक्रिएशन सेंटरमध्ये. ह्यूस्टनमधील या व्यायामशाळेत उन्हाळ्यात व्यावसायिक खेळाडू सराव करीत. त्यांत मोझेस मलोनही होता. एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू हा मान तोवर त्याने दोनदा मिळवलेला. मलोनने या नवख्याला कोणतीही सवलत दिली नाही. धक्के खात, पडत, उठत ओलाजुवॉन तेथे शिकला. आपल्याकडे आखाड्यात वस्ताद पट्ट्याला जसे घडवतो, तसेच हे शिक्षण होते.

९/
परिणाम १९८२–८३ च्या हंगामात दिसला. क्लाइड ड्रेक्सलर आणि ओलाजुवॉन यांच्या या धडाकेबाज संघाला वृत्तपत्राने ‘फाय स्लामा जामा’ हे नाव दिले. ४ एप्रिल १९८३ रोजी आल्बुकर्क येथे अंतिम सामना झाला. प्रतिस्पर्धी नॉर्थ कॅरोलायना स्टेट दुबळा मानला जात होता. ओलाजुवॉनने २० गुण आणि १८ रिबाउंड मिळवले. पण अखेरच्या क्षणी एक लांबचा फटका तोकडा पडला, लोरेन्झो चार्ल्सने तो हवेतच पकडून कड्यात दाबला आणि ह्यूस्टन ५४–५२ असे हरले. स्पर्धेच्या अंतिम टप्प्यातील सर्वोत्तम खेळाडू मात्र पराभूत संघाचा ओलाजुवॉनच ठरला. असा मान विरळा.

१०/
पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम सामना, पुन्हा पराभव. या वेळी पॅट्रिक यूइंगच्या जॉर्जटाउनने ८४–७५ असे नमवले. त्या हंगामात ओलाजुवॉनची सरासरी होती १६.८ गुण, १३.५ रिबाउंड आणि ५.६ ब्लॉक. खुर्चीच्या हकीकतीला तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती.

११/
१९ जून १९८४. एनबीएच्या खेळाडू-निवडीत ह्यूस्टन रॉकेट्सने त्याला सर्वप्रथम निवडले. जॉर्डन त्याच निवडीत तिसरा होता! पहिल्याच हंगामात ओलाजुवॉनने सरासरी २०.६ गुण आणि ११.९ रिबाउंड मिळवले. आदल्या वर्षी अवघे २९ सामने जिंकलेला संघ ४८ वर गेला.

१२/
आता इतिहासाच्या अभ्यासकाचा प्रश्न. अमेरिकन कथनात ओलाजुवॉन ‘कच्चा हिरा’ म्हणून येतो, जणू त्याची घडण ह्यूस्टनमध्येच सुरू झाली. वस्तुतः लागोसची मैदाने, शिक्षक महाविद्यालय आणि राष्ट्रीय क्रीडा महोत्सव या नायजेरियन व्यवस्थेने त्याला आधीच बरेच काही दिले होते. या दुर्लक्षाची खूण त्याच्या नावातही आढळते : अमेरिकेत त्याचे नाव ‘अकीम’ असे लिहिले गेले. १९९१ मध्ये त्याने स्वतः ते ‘हकीम’ असे दुरुस्त करून घेतले.

१३/
पुढचे ज्ञात आहे : १९९४ आणि १९९५ ची विजेतेपदे, २००८ मध्ये हॉल ऑफ फेम. पण त्याच्या यशात एक वेदनाही दडलेली आहे. नायजेरियाने घडवलेल्या या खेळाडूला मोठे होण्यासाठी देश सोडावा लागला. त्याच्या पिढीसाठी आफ्रिकेत तोलामोलाची व्यावसायिक स्पर्धाच नव्हती. बास्केटबॉल आफ्रिका लीग २०२१ मध्ये किगाली येथे सुरू झाली आणि पहिले विजेतेपद इजिप्तच्या झमालेक संघाने पटकावले. १९३६ साली बर्लिनच्या मातीत खेळलेल्या त्याच इजिप्तच्या.

१४/
वलगावच्या शाळेच्या पटांगणात खो-खो खेळणाऱ्या मुलाच्या पायांत कोणत्या खेळाचे भविष्य दडले आहे, हे आधी सांगता येत नाही. ओलाजुवॉनचा इतिहास सांगतो, की प्रतिभा एका खेळातून दुसऱ्या खेळात जाऊ शकते. मात्र त्यासाठी सोकोटोसारखी स्पर्धा, दार उघडणारा प्रशिक्षक आणि न थकता शिकवणारा मलोन लागतो. यांतले एक जरी नसते, तर लागोसचा एक उंच हँडबॉलपटू आज कोणालाही ठाऊक नसता.