तुंबडी, जळू आणि हिमॅटोक्रिट

'तुंबडी भरणे' हा वाक्प्रचार आता आपण फक्त पुढाऱ्यांसाठी वापरतो. कंत्राटदाराने तुंबडी भरली, नगरसेवकाने तुंबडी भरली वगैरे. पण तुंबडी ही खरीखुरी वस्तू होती. तुंबा म्हणजे कडू भोपळा, तो पोखरून केलेलं भांडं. ते कातडीवर लावून आतली हवा ओढून घ्यायची, म्हणजे रक्त वर खेचलं जातं. माझी आजी सांगायची की तिच्या लहानपणी गंगेवर (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, बाहेरच्यांनी गोंधळू नये) बुधवारच्या बाजारात वैदू बसायचे. त्यांच्याकडे जडीबुटी असायची आणि तुंबड्याही. गुडघा दुखतोय? लाव तुंबडी. डोकं चढलंय? लाव तुंबडी.

हे वैदूंचं स्वतःचं संशोधन नव्हे. सुश्रुतसंहितेत रक्त काढायची तीन साधनं दिली आहेत: शिंग, जळू आणि भोपळा. जळवांचे बारा प्रकार सांगितलेत, सहा विषारी आणि सहा बिनविषारी. काम झाल्यावर जळवेच्या अंगावर तांदळाचं पीठ आणि तोंडाला तेल-मीठ लावून तिला प्यायलेलं रक्त ओकायला कसं लावायचं, इथपर्यंत तपशील आहे. लिहिणाऱ्याने हे काम स्वतः केलं असणार, असं वाचताना सारखं वाटतं. आणि जास्त रक्त गेलं तर माणूस जातो, हा इशाराही तिथेच आहे.

हा इशारा युरोप-अमेरिकेतल्या डॉक्टरांनी वाचला असता तर बरं झालं असतं. डिसेंबर १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचा घसा सुजला, तेव्हा एका दिवसाच्या आत त्याचं दोन लिटरच्या वर रक्त काढलं गेलं. रात्री तो गेला. पुढे फ्रान्समध्ये जळवांची अशी काही लाट आली की १८३३ साली त्या देशाने चार कोटींहून जास्त जळवा आयात केल्या. (आयात! देशातल्या संपल्या होत्या म्हणे.) त्याच सुमारास पॅरिसच्या पिएर लुई नावाच्या डॉक्टरने एक साधी गोष्ट केली. त्याने न्यूमोनियाचे रुग्ण मोजले. कुणाचं रक्त कधी काढलं, कोण जगलं, कोण मेलं. फायदा जवळजवळ दिसेना. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन हजार वर्षं चाललेल्या कोडचा लॉग कुणीतरी पहिल्यांदा उघडून बघितला. एकोणिसावं शतक संपेपर्यंत शहाण्या डॉक्टरांनी रक्त काढणं बरंचसं सोडून दिलं.

आणि नेमकं तेव्हाच, ज्याच्यावर रक्त काढणं हाच खरा उपाय आहे असा आजार सापडला! १८९२ मध्ये लुई वाकेझने पॅरिसमध्ये एका माणसाची नोंद केली. लालनिळा चेहरा आणि रक्तात तांबड्या पेशींची नुसती गर्दी. १९०३ मध्ये विल्यम ऑस्लरने असेच आणखी रुग्ण मांडले. आज त्याला पॉलिसायथेमिया व्हेरा म्हणतात. हाडातला मगज विनाकारण पेशी तयार करत सुटतो आणि दुधाची बासुंदी व्हावी तसं रक्त घट्ट होतं. मग गुठळी, मग पक्षाघात. इथे सुश्रुताची युक्ती चालते, फक्त जळवेच्या जागी सुई आणि पिशवी.

पण तांबड्या पेशी वाढणं म्हणजे आजारच असं नाही. १८९० मध्ये विओ नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ पेरूच्या डोंगरात गेला आणि तिथे त्याला स्वतःच्याच रक्तातल्या पेशी वाढलेल्या दिसल्या. हवा विरळ म्हणून शरीर जास्त हमाल कामाला लावतं. पुढे १९२९ मध्ये मॅक्सवेल विंट्रोबने एक नळी बनवली. त्यात रक्त भरून गरगर फिरवायचं, पेशी खाली बसतात, आणि एकूण रक्तात त्या किती टक्के हे सरळ वाचायचं. हा हिमॅटोक्रिट. पुरुषांत साधारण ४० ते ५०.

आता कथेतलं दुसरं पात्र. १८८९ मध्ये पॅरिसमध्ये ७२ वर्षांच्या ब्राऊन-सेकार या नामवंत शास्त्रज्ञाने जाहीर केलं की कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क टोचून घेतल्यावर आपण तरुण झालो. लोक हसले. त्या अर्कात हार्मोन नावालाच असणार, म्हणजे सगळा मनाचा खेळ. पण शोध सुरू झाला तो झालाच. १९३१ मध्ये जर्मनीत बुटेनांटने पोलिसांचं सुमारे १५ हजार लिटर मूत्र आटवून १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन मिळवलं. (त्या बराकीत ड्रम कोण उचलत असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.) १९३५ मध्ये अॅमस्टरडॅमच्या लाकूर आणि मंडळींनी बैलांच्या वृषणांतून शुद्ध टेस्टोस्टेरॉन वेगळं केलं. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं, आणि १९३९ चं रसायनाचं नोबेल दोघांत वाटलं गेलं.

दोन्ही धागे जुळले ते पुढे. १९५० च्या दशकात स्तनांच्या कर्करोगावर स्त्रियांना टेस्टोस्टेरॉन देत. त्यांचे चेहरे लाल व्हायला लागले. रक्त तपासलं तर पेशी वाढलेल्या! १९५७ मध्ये केनेडीने हे रीतसर लिहिलं. म्हणजे पुरुषांचं हिमोग्लोबिन बायकांपेक्षा जास्त का, याचं निम्मं कोडं सुटलं. दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, शाहिदी आणि डायमंड यांनी मगज आटलेल्या मुलांना तेच औषध दिलं आणि काहींचं रक्त परत भरलं. साईड इफेक्टच उपचार झाला. पुढे मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांचा पांडुरोग हटवायलाही याच कुळातली इंजेक्शनं वापरली गेली. १९८९ मध्ये कृत्रिम एरिथ्रोपोएटिन बाजारात आलं आणि ती मागे पडली.

एवढं सगळं मी का वाचत बसलो? कॉलेज रोडच्या एका जिममधला माझा एक मित्र. वय २९. ट्रेनरने सांगितलं म्हणून वर्षभर टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत होता. डोकं जड, तोंड लालबुंद. रिपोर्ट आला, हिमॅटोक्रिट ५७. ट्रेनरचं उत्तर तयार: "अरे, रक्तदान करून टाक. आकडा पण उतरेल, पुण्य पण लागेल."

ऐकायला झकास. पण काय राव, ही तुंबडीच झाली ना परत! आपल्याकडे पुरुषाला ९० दिवसांतून एकदाच रक्त देता येतं. शिबिरात बऱ्याच ठिकाणी हिमोग्लोबिनची परीक्षा म्हणजे मोरचुदाच्या पाण्यात रक्ताचा थेंब. थेंब बुडला की १२.५ च्या वर, म्हणजे पास. वरच्या टोकाला काही मर्यादा आहे का हे थेंबाला कळत नाही. मित्राचा थेंब दगडासारखा बुडाला असता. आणि रक्त काढलं तरी इंजेक्शन चालूच, म्हणजे नळ उघडा ठेवून पाणी उपसायचं.

आतली भानगड आता बरीच कळली आहे. टेस्टोस्टेरॉन एरिथ्रोपोएटिन वाढवतं आणि हेप्सिडिन नावाच्या पहारेकऱ्याला गप्प करतं. हा पहारेकरी लोखंडाचं दार धरून असतो. तो बाजूला झाला की लोह मोकळं सुटतं आणि पेशींचा कारखाना तिसऱ्या पाळीत चालतो. वारंवार रक्त काढलं तर लोहाचा साठा आटतो, माणूस गळून जातो, आणि कारखान्याची ऑर्डर तशीच राहते. म्हणून डॉक्टरांचे नियम वेगळे आहेत. सुरू करण्याआधी हिमॅटोक्रिट बघा, तीन ते सहा महिन्यांनी बघा, मग दरवर्षी. ५४ च्या वर गेला तर औषध थांबवा, खाली आल्यावर कमी मात्रेत सुरू करा. इंजेक्शनाने आकडा जास्त चढतो, जेलने कमी. झोपेत घोरताना श्वास अडकतो का तेही तपासा, कारण त्यानेही पेशी वाढतात.

पॉलिसायथेमियात आकडा ४५ च्या खाली ठेवावा याला पुरावा आहे. इटलीत २०१३ च्या चाचणीत ३६५ रुग्ण होते. काटेकोर गटात हृदयविकाराने मृत्यू किंवा मोठी गुठळी २.७ टक्के, ढिल्या गटात ९.८. टेस्टोस्टेरॉनवाल्यांचं गणित असं सरळ नाही. २०२३ मध्ये सुमारे ५,२०० पुरुषांची मोठी चाचणी छापून आली. हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, पण फुप्फुसात गुठळी ०.५ च्या जागी ०.९ टक्के. आणि हे सगळे खरोखर हार्मोन कमी असलेले, डॉक्टरच्या देखरेखीखाली जेल लावणारे लोक. जिममध्ये मनाला येईल तेवढं टोचणारे त्यात नाहीत.

ज्यांना हे औषध खरंच लागतं त्यांचाही विचार करा. ट्रान्स पुरुष आयुष्यभर टेस्टोस्टेरॉन घेतात. लॅबच्या संगणकात नोंद 'स्त्री' असेल तर बायकांची मर्यादा छापून येते आणि व्यवस्थित असलेला आकडाही ठळक अक्षरात धोका म्हणून दिसतो. (हा शुद्ध सॉफ्टवेअरचा बग आहे, आमच्या जमातीचं पाप.) आणि रक्तदानाचा सल्ला त्यांना तर देताच येत नाही, कारण २०१७ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी ट्रान्सजेंडर व्यक्तींना रक्तदानापासून दूर ठेवलं.

असो. मित्राला एका फिजिशियनकडे नेलं. त्यांनी इंजेक्शन बंद केलं, एकदा सुईने रक्त काढलं आणि झोपेची तपासणी लिहून दिली. आठवड्याभरात त्याने विचारलं, "अजून ५३ च आहे, औषध लागू पडत नाही का?" तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. वर्षभर ज्या भरती करून ठेवल्यात त्या आपापल्या वेळेनेच निवृत्त होणार. पुढचा रिपोर्ट तीन महिन्यांनी.