प्रकाशाची वेस

१८७० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो ह्यांच्या हस्तें खामगांवचा रेल्वेफांटा खुला झाला आणि येथील कापूस जलंबमार्गें मुंबईकडे जाऊं लागला. त्या बाजारांत कापसाची पारख बोटांनीं होई. तंतु चिमटींत धरून ओढावा, लांबी पाहावी, बळ अजमावावें. बोटांना जें कळे, त्याचें कारण मात्र डोळ्यांस दिसत नसे.

कापसाचा प्रत्येक तंतु म्हणजे सरकीच्या सालीवरील एकच पेशी होय. रुंदी मिलिमीटरचा पन्नासावा भाग, लांबी मात्र बोटाच्या पेराएवढी! हिच्या भिंतीच्या आंतल्या अंगास प्रथिनांच्या नळ्या असतात, जाडी अवघी २५ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा ४०,००० वा भाग. भिंतींत सेल्युलोजचे धागे कोणत्या दिशेनें बसावे हें बहुतांशीं ह्या नळ्या ठरवितात, आणि तंतूचें बळ त्या विणीवर अवलंबून असतें.

ह्या नळ्यांपर्यंत जाणाऱ्या वाटेवर वेस होती. १८७३ सालीं जर्मनींतील येना येथें एर्न्स्ट आबे ह्यांनीं दाखविलें कीं, भिंग कितीही निर्दोष घासलें तरी सुमारें २०० नॅनोमीटरहून जवळचे दोन बिंदु एकच दिसतात. खोलीच्या दिशेनें तर ही मर्यादा दुप्पट-तिपटीहून मोठी. पुढें इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शक आला. त्यानें बारकावा दाखविला खरा, पण त्यापुढें जिवंत पेशी ठेवतां येत नाहीं.

वेस मोडली कोणींच नाहीं, ती चुकविली. दिवाळींत दूरच्या ओळींतील पणत्या एकदम पेटल्या तर नुसती उजेडाची रेघ दिसते. एकेक पेटून विझली तर मोजतां येतात. एरिक बेट्झिग हे संशोधन सोडून वडिलांच्या यंत्रकारखान्यांत गेले होते. परतल्यावर मित्र हॅराल्ड हेस ह्यांच्या घरच्या दिवाणखान्यांत त्यांनीं असें यंत्र उभारलें. चमकणाऱ्या रेणूंपैकीं थोडे थोडेच पेटवून प्रत्येकाचा मध्य शोधावा व सहस्रावधि चित्रें जुळवावीं, ही २००६ ची युक्ति. श्टेफान हेल ह्यांनीं १९९४ मध्येंच दुसरी वाट सुचविली होती: एका किरणानें उजळलेला ठिपका कंकणाकार किरणानें कडेनें विझवावा.

खोलीचा प्रश्न २००८ सालीं हार्वर्ड येथें शाओवेई झुआंग ह्यांच्या गटानें सोडविला, तोही फार साध्या साधनानें. वाटेंत एक दंडगोल भिंग बसविलें कीं रेणु वर असल्यास ठिपका एका दिशेस ताणला जातो, खालीं असल्यास दुसरीस. आकारावरून उंची कळते. २०१४ चें नोबेल पारितोषिक बेट्झिग, हेल व विल्यम मर्नर ह्यांस मिळालें. झुआंग ह्यांचें नांव त्यांत नव्हतें, हें अनेकांस खटकलें.

कापसाच्या तंतूंत हें काम सोपें नाहीं. भिंत जसजशी जाड होते तसतसा प्रकाश आंत विखुरतो. म्हणून कोवळ्या बोंडांतील, नुकते वाढूं लागलेले तंतूच अशा पाहणीस अधिक सोयीचे.