मांडीवर मूल नको!

पुतळा बहुधा माणूस गेल्यावर उभा राहतो. त्यात काय हवं, काय नको हे सांगायला तो बिचारा नसतो. डॅनिश लेखक हॅन्स ख्रिश्चन अँडरसन याला मात्र ती संधी मिळाली आणि त्याने ती सोडली नाही.

कोपनहेगनमध्ये रोसेनबोर्ग राजवाड्याच्या बागेत त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. बसलेला अँडरसन, एका हातात पुस्तक, दुसरा हात गोष्ट सांगताना व्हावा तसा पुढे आलेला. भोवती एकही मूल नाही. १८७५ मध्ये, त्याच्या सत्तरीनिमित्त वर्गणी जमली, तेव्हा शिल्पकार ऑगस्ट साबे नमुना घेऊन आला होता. त्यात मुलं लेखकाला बिलगलेली! आजारी अँडरसन संतापला. अंगाला कुणी रेलून बसलं तर मला वाचताच येत नाही, मांडीवर मूल असेल तर मुळीच नाही, मी सगळ्या वयांचा कवी आहे, असं त्याने रोजनिशीत लिहिलं. त्याच वर्षी ४ ऑगस्टला तो गेला. १८८० मध्ये पुतळा उभा राहिला तो त्याच्या म्हणण्याप्रमाणे.

हा म्हाताऱ्याचा हट्ट नव्हता. मोच्याचा हा मुलगा. आई लोकांची धुणी धुवायची. १८३५ च्या पहिल्या पुस्तिकेच्या नावातच ‘मुलांसाठी सांगितलेल्या’ असे शब्द होते. १८४३ च्या अखेरीस आलेल्या नव्या पुस्तिकेतून त्याने ते काढून टाकले. याच पुस्तिकेत ते कुरूप पिल्लू होतं, जे गदिमांच्या गीतातून आपल्या घराघरांत आलं. पण त्याची १८४७ ची ‘सावली’ वाचा. एका विद्वानाची सावली त्याला सोडून जाते, परत येऊन त्याचीच मालकीण होते आणि अखेर त्याचा जीव घेते. ही काय अंगाईच्या वेळची गोष्ट आहे?

नावामागे विशेषण लागलं की वाचणारा निम्मं वाचून थांबतो. माझ्या नावामागे ‘मुस्लिम मराठी कवी’ लागतं. त्यातला एकही शब्द खोटा नाही, तरी पावसावरची कविता कुणी मागत नाही. म्हणून अँडरसनचा राग मला कळतो.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९५६ साली त्याचा आणखी एक ब्राँझ पुतळा बसवला. शिल्पकार जॉर्ज लोबर. मांडीवर उघडं पुस्तक, पायाशी बदकाचं पिल्लू. पुतळा ठेंगण्या चौथऱ्यावर आहे, त्यामुळे मुलं सरळ त्याच्या मांडीवर चढून बसतात. त्यांच्या बसण्याने ब्राँझ तिथे घासून चकचकीत झालं आहे.