पतमर्यादा, क्रेडिट कार्डावरील

क्रेडिट कार्ड देणारी बँक किंवा वित्तसंस्था कार्डधारकास एका वेळी जास्तीत जास्त जेवढ्या रकमेपर्यंत उधारी करू देते, त्या रकमेस पतमर्यादा म्हणतात. सामान्य कर्जात रक्कम एकदा ठरते, ती ऋणकोच्या हाती पडते व ठरलेल्या हप्त्यांनी परत येते. कार्डावरील मर्यादा हे मात्र दिलेले कर्ज नव्हे. ती कर्ज घेण्याची दिलेली मुभा होय. तिचा उपयोग केव्हा व किती करावयाचा हे ऋणको ठरवितो आणि रकमेची फेड होताच ती मुभा पुन्हा उपलब्ध होते. त्यामुळे खातेदार आज किती देणे लागतो, यापेक्षा अडचणीत आल्यावर तो किती देणे करून ठेवील, हा प्रश्न धनकोच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो. बुडीत जाणारा खातेदार तत्पूर्वी उरलेली मर्यादा बहुधा वापरून टाकतो, असा धनकोंचा सार्वत्रिक अनुभव आहे.

उधारीस मर्यादा घालण्याची प्रथा कार्डापेक्षा पुष्कळच जुनी आहे. आपल्याकडील वाण्याच्या उधारीच्या वहीत मर्यादेचा आकडा कोठे लिहिलेला नसे; तो वाण्याच्या मनात असे व गिऱ्हाइकाच्या घरची परिस्थिती पाहून कमीजास्त होई. गिऱ्हाईक डोळ्यांसमोर असेपर्यंत ही पद्धत पुरेशी होती. व्यापार दूरवर पसरू लागला, तेव्हा परक्या माणसाची पत कशी अजमावावी, ही अडचण प्रथम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तीव्रतेने जाणवली. १८३७ च्या आर्थिक अरिष्टात न्यूयॉर्कचा घाऊक व्यापारी लूइस टॅपन याची मोठी येणी अडकली. त्याने १८४१ मध्ये ‘मर्कंटाइल एजन्सी’ ही संस्था काढली. गावोगावचे वकील व अन्य वार्ताहर स्थानिक व्यापाऱ्यांच्या मालमत्तेविषयी, सचोटीविषयी आणि व्यसनांविषयीही तिला माहिती कळवीत व वर्गणीदार घाऊक व्यापारी ती पाहून कोणास किती माल उधार द्यावयाचा ते ठरवीत. आजची डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही संस्था तिचीच वारस होय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठ्या विभागीय दुकानांनी हीच रीत घरगुती ग्राहकांना लावली. दुकानाचा पतव्यवस्थापक अर्जदारास समोर बसवून त्याचा पगार, नोकरीचा काल, घर स्वतःचे की भाड्याचे इ. गोष्टी विचारी, स्थानिक पतमाहिती संस्थेकडून त्याची पूर्वीची देणी काढी आणि खात्यावर एक आकडा लिहून ठेवी. हा आकडा ग्राहकास सांगितलाच जाई असे नाही.

या पार्श्वभूमीवर ‘बँक ऑफ अमेरिका’ने सप्टेंबर १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो येथे केलेला प्रयोग पाहिला पाहिजे; कारण आजच्या पतमर्यादेचा उगम तेथे आहे. बँकेने या शहरातील सु. ६०,००० लोकांना ‘बँकअमेरिकार्ड’ नावाची कार्डे टपालाने पाठविली. त्यांनी ती मागितली नव्हती. कोणाची मुलाखत घेतली गेली नाही, कोणाचा अर्ज तपासला गेला नाही. प्रत्येक कार्डाबरोबर ३०० किंवा ५०० डॉलरांची मर्यादा ठरवून दिलेली होती. मागाहून प्रत्येक खरेदीच्या वेळी परवानगी घेण्याची गरज राहू नये, म्हणून पत आधीच मंजूर करून ठेवावयाची, ही त्यामागील कल्पना. ती दूरगामी ठरली. परंतु बँकेचे अंदाज मात्र साफ कोसळले. सुमारे चार टक्के खाती थकतील असे गृहीत धरले होते; प्रत्यक्षात थकीत खात्यांचे प्रमाण बावीस टक्क्यांपर्यंत गेले आणि पहिल्या पंधरा महिन्यांत बँकेस सु. ८८ लाख डॉलरांचा तोटा झाला. योजनेचा प्रमुख जोसेफ विल्यम्स यास बँक सोडावी लागली. तथापि बँकेने योजना बंद केली नाही. वसुलीची व्यवस्था नीट बसविल्यावर १९६१ पासून ती फायद्यात आली.

फ्रेझ्नोच्या अपयशाचे कारण सामान्यतः मर्यादा सैल होत्या असे सांगितले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते खरे कारण निराळे आहे. मर्यादा कागदावर होती, दुकानाच्या गल्ल्यावर ती नव्हतीच. प्रत्येक विक्रेत्यास एक तळमर्यादा ठरवून दिलेली असे. तीहून कमी रकमेची विक्री तो कोणासही न विचारता करू शके. अधिक रकमेसाठी त्याने बँकेस दूरध्वनी करावा, अशी अपेक्षा असे. त्यामुळे ३०० डॉलरांची मर्यादा असलेला मनुष्य एका दिवसात अनेक दुकानांतून लहानलहान खरेदी करून ती सहज ओलांडू शके आणि त्याचा पत्ता बँकेला पावत्या टपालाने आल्यावर लागे. चुकार कार्डांच्या क्रमांकांच्या छापील याद्या दुकानदारांना वेळोवेळी पाठविल्या जात. पण त्या हाती पडेतो पुष्कळदा नुकसान झालेले असे. १९६६ नंतर शिकागोच्या बँकांनी लहान मुलांच्या व मृतांच्या नावेही कार्डे वाटली, तेव्हा या दोषाचे स्वरूप देशभर उघड झाले. न मागता कार्ड पाठविण्यास अमेरिकेच्या काँग्रेसने १९७० मध्ये कायद्याने बंदी घातली व हरवलेल्या कार्डावरील धारकाची जबाबदारी ५० डॉलरांपुरती सीमित केली.

मर्यादा खऱ्या अर्थाने अमलात आली ती १९७३ मध्ये. डी हॉक याच्या नेतृत्वाखालील ‘नॅशनल बँकअमेरिकार्ड’ या संघटनेने (१९७६ पासूनचे नाव व्हिसा) त्या वर्षी संगणकाधिष्ठित परवानगीयंत्रणा सुरू केली. विक्रेत्याची विचारणा, खात्यावरील बाकीशी तिची तुलना आणि होकार वा नकार हे सर्व एका मिनिटाच्या आत होऊ लागले. यातून निर्माण झालेली दुसरी शक्यता त्या वेळी फारशी कोणाच्या ध्यानात आली नसावी. जी मर्यादा कोणत्याही क्षणी तपासता येते, ती कोणत्याही क्षणी बदलताही येते. वर्षातून एकदा कार्डाच्या नूतनीकरणाच्या वेळी पाहावयाचा हा आकडा पुढे दर महिन्याला हलविता येण्याजोगा झाला.

तो कसा हलवावा, याचे शास्त्र दुसरीकडे तयार होत होते. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड ड्युरँड याने १९४१ मध्ये हप्तेबंदीच्या कर्जांचा अभ्यास करून अर्जदारास गुण देण्याचे एक सूत्र मांडले. त्यात स्त्री अर्जदारास पुरुषापेक्षा अधिक गुण होते. तरीही विवाहितेस पतीच्या सहीवाचून खाते न देण्याची अनेक धनकोंची रीत पुढे तीन दशके चालू राहिली आणि ती मोडण्यास १९७४ चा समान पतसंधी कायदा व्हावा लागला. बिल फेअर व अर्ल आयझॅक यांनी १९५६ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने गुणांकनपद्धतीचा व्यापारी प्रसार केला. आरंभी तिने पन्नास मोठ्या धनकोंना पत्रे पाठविली असता एकाचेच उत्तर आले, असे सांगतात. समान पतसंधीच्या कायद्याखालील नियमांनी संख्याशास्त्रीय दृष्ट्या सिद्ध अशा गुणांकनास मान्यता दिल्यावर मात्र धनकोंचा कल तिकडे झुकला. कारण नकाराचे कारण देण्याचे बंधन आले होते आणि गुणांचा तक्ता हे न्यायालयापुढे ठेवता येण्याजोगे कारण होते. १९८९ मध्ये सर्वसाधारण उपयोगाचा ‘फायको’ हा पतगुणांक आला.

हल्ली नव्या खात्याची मर्यादा ठरविताना एका बाजूस पतगुणांक व दुसऱ्या बाजूस उत्पन्न असा कोष्टकवजा आराखडा सामान्यतः वापरतात. त्यातून मिळणाऱ्या रकमेतून अन्य कर्जांचे हप्ते व दुसऱ्या कार्डांवरील मर्यादा यांचा विचार करून वजावट केली जाते. अपेक्षित तोटा म्हणजे खाते बुडण्याची शक्यता, बुडताना त्यावर असू शकणारी बाकी आणि त्यापैकी वसूल न होणारा भाग यांचा गुणाकार. यांतील मधली संख्या मर्यादेवर अवलंबून असते. म्हणून अनोळखी ग्राहकास प्रथम लहान मर्यादा देऊन त्याचे वर्तन पाहावयाचे व मग ती वाढवीत न्यावयाची, हे धोरण रूढ झाले. मुदत ठेव तारण घेऊन तेवढ्याच बेताची मर्यादा देणे हा त्याचाच एक प्रकार होय.

मर्यादावाढीचा निर्णय वर्तनगुणांकावर होतो. खाते उघडून किती महिने झाले, मर्यादेचा किती भाग वापरला जातो, बिलापैकी किती रक्कम फेडली जाते, रोख उचल होते काय, अन्य संस्थांकडील हप्ते वेळेवर जातात काय, या गोष्टी त्यात मोजल्या जातात. येथे एक विरोधाभास दिसतो. दरमहा पूर्ण बिल फेडणारा ग्राहक सर्वांत सुरक्षित. पण त्याच्याकडून व्याज मिळत नाही. मर्यादेच्या अगदी काठावर असणारा धोक्याचा. धनकोस व्याजाची मिळकत होते ती या दोहोंमधल्या, थोडी बाकी सतत पुढे ढकलणाऱ्या ग्राहकाकडून आणि वाढीव मर्यादेचे पत्र त्याच्याकडे जावे यासाठी धनकोची यंत्रणा काम करते. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्केट नॅशनल बँक खटल्यात बँकेला आपल्या मूळ राज्याचा व्याजदर अन्य राज्यांतील ग्राहकांना लावण्याची मोकळीक दिली. दक्षिण डकोटाने व्याजदरावरील मर्यादा उठविली आणि सिटीबँकेने आपला कार्डव्यवहार तेथे हलविला. दरावरील बंधन असे सुटल्यावर अधिक धोक्याच्या ग्राहकासही मर्यादा देणे परवडू लागले. पुढे कॅपिटल वन या संस्थेने सारख्या ग्राहकांचे गट पाडून, प्रत्येकास वेगळ्या अटी देऊन परिणाम मोजण्याची पद्धत रूढ केली. पतव्यवस्थापकाच्या मुलाखतीची जागा अशा रीतीने प्रयोगशाळेच्या रीतीने घेतली.

वाढविलेली मर्यादा केवळ गरजेच्या वेळी उपयोगी पडते, की तिच्यामुळे कर्जच वाढते? अर्थशास्त्राच्या रूढ समजुतीप्रमाणे जो मनुष्य आपल्या मर्यादेपासून दूर आहे, त्याच्या वागण्यात ती वाढल्याने फरक पडू नये. डेव्हिड ग्रॉस व निकोलस सूलेलेस यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही समजूत टिकली नाही. मर्यादा वाढताच कर्ज वाढते. वाढीव मर्यादेच्या सरासरी १० ते १४ टक्के रक्कम कर्जात रूपांतरित होते आणि मर्यादेच्या पुष्कळ खाली असलेल्या लोकांतही हे घडते, असे त्यांना आढळले. २०१८ मधील अगरवाल, चोमसिसेंगफेट, महोनी व स्ट्रोबेल यांच्या अभ्यासाने चित्र अधिक स्पष्ट केले. ६६० किंवा त्याहून कमी फायको गुणांक असलेल्यांच्या मर्यादेत एक डॉलर वाढला, तर वर्षभरात त्यांचे एकूण विनातारण कर्ज ५९ सेंटांनी वाढे; ७४० हून अधिक गुणांच्या लोकांच्या कर्जात काहीच फरक पडत नसे. नेमक्या याच कारणाने पतपुरवठ्याचा खर्च स्वस्त झाला तरी बँका त्याचा फायदा कमी गुणांच्या ग्राहकांपर्यंत फारसा पोहोचवीत नसत. कारण त्यांची मर्यादा वाढविण्यात बुडीताचा धोकाही सर्वाधिक होता. ज्यांना उसनवारी हवी त्यांना मर्यादा नाही व ज्यांना मर्यादा आहे त्यांना उसनवारी नको, अशी ही स्थिती आहे.

मर्यादा खाली आणण्याचा अधिकारही धनकोने स्वतःकडे राखलेला असतो. बँकांच्या भांडवलासंबंधीच्या १९८८ च्या बाझल करारानुसार बिनशर्त रद्द करता येणाऱ्या न वापरलेल्या मर्यादेपोटी भांडवल राखावे लागत नसे. त्यामुळे तसे कलम करारात घालणे बँकांच्या सोयीचे होते. २००८ च्या अरिष्टात त्याचा उपयोग मोठ्या प्रमाणावर झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने काँप्युक्रेडिट या कंपनीविरुद्ध दावा केला. विवाहविषयक समुपदेशन, टायरदुरुस्ती इ. ठिकाणी कार्ड वापरणाऱ्यांच्या मर्यादा कंपनी कमी करी व हे ग्राहकांना सांगत नसे, असा आयोगाचा आरोप होता. वर्षअखेर तडजोड झाली. ग्राहकाच्या खर्चाच्या यादीवरून त्याचे भवितव्य वाचण्याचा हा प्रकार टॅपनच्या वार्ताहरांची आठवण करून देतो. फरक इतकाच, की वार्ताहर शेजारी राहत असे.

२००९ च्या अमेरिकन कार्ड कायद्याने खाते उघडताना तसेच मर्यादा वाढविताना फेडीची ऐपत तपासण्याचे बंधन घातले आणि ग्राहकाने आधी संमती दिल्याशिवाय मर्यादेबाहेरच्या व्यवहारावर शुल्क आकारण्यास मनाई केली. कॅनडाने २०१० पासून मर्यादावाढीस स्पष्ट संमती आवश्यक केली. ऑस्ट्रेलिया सर्वांत पुढे गेला. तेथे १ जुलै २०१८ पासून मर्यादावाढीचे अयाचित आमंत्रण देण्यासच बंदी झाली व १ जानेवारी २०१९ पासून संपूर्ण मर्यादा तीन वर्षांत फेडता येईल अशीच ती असावी, हा निकष आला.

भारतात डायनर्स क्लबचे कार्ड १९६१ मध्ये आले आणि सेंट्रल बँक ऑफ इंडिया या मुंबईस मुख्यालय असलेल्या बँकेने १९८० मध्ये आपले कार्ड काढले. पतमाहितीची सामाईक नोंद तोवर कोठेच नव्हती. पगाराचे प्रमाणपत्र, नोकरी देणाऱ्या संस्थेचे नाव, आयकराचे विवरण यांवरून मर्यादा ठरे आणि एकाच पगारावर चार बँकांची चार कार्डे घेणाऱ्याचा हिशेब त्यांपैकी एकीलाही लागत नसे. २००० मध्ये मुंबईत ‘सिबिल’ची स्थापना व २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला, पण त्याच सुमारास कार्डवाटपाची लाट आली होती. तिचा परिणाम आकड्यांत दिसतो : मार्च २००८ मध्ये देशात सु. २.७५ कोटी कार्डे होती, ती मार्च २०१२ पर्यंत १.८ कोटींच्या खाली आली. त्यानंतर ही संख्या पुन्हा वाढत जाऊन २०२४ च्या आरंभी दहा कोटींपलीकडे गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कार्डकर्जांवरील जोखीमभार १२५ वरून १५० टक्के केला.

ग्राहकाच्या पूर्वसंमतीवाचून मर्यादा वाढवू नये, कमी केल्यास त्यास कळवावे, हे रिझर्व्ह बँकेने कार्डविषयक निर्देशांत पूर्वीच घातले होते. २०२२ च्या निर्देशांत मंजूर मर्यादा धारकाच्या स्पष्ट संमतीशिवाय कधीही ओलांडली जाऊ नये, अशी भर पडली. अयाचित कार्ड दिल्यास लावलेले शुल्क परत करून त्याच्या दुप्पट दंड धारकास देण्याची तरतूदही त्यांत होती. यामुळे मर्यादावाढीचा प्रस्ताव आता भ्रमणध्वनीवरील संदेशाच्या रूपाने येतो आणि त्याखालील एक बटण दाबले, की संमती झाली असे धरले जाते. ऑस्ट्रेलियाप्रमाणे प्रस्ताव पाठविण्यावरच बंदी घालण्याचा विचार या निर्देशांत नव्हता.