समता सैनिक दल : देशभक्ती कुणाची, बंधुता कुणाची?

अक्कलकोटला येणारा माणूस स्वामी समर्थांच्या समाधीचे दर्शन घेतो आणि सवड असलीच तर भोसले संस्थानिकांच्या राजवाड्यातले शस्त्रागार पाहून जातो. संस्थान १९४८ साली विलीन झाले, शस्त्रे मात्र जपून राहिली. ज्यांच्या हाती लाठीपलीकडे काही नव्हते, त्यांच्या सैन्याचे संग्रहालय कुणी उभारले नाही. म्हणून त्या सैन्याचा, समता सैनिक दलाचा, इतिहास पुन्हा पुन्हा मांडावा लागतो.

या भागात तो मांडायचा तर सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगपासून सुरुवात करावी. तिथल्या अस्पृश्य वस्तीच्या विहिरीचे उद्घाटन १९३७ साली बाबासाहेबांच्या हस्ते झाले. त्याआधी सातच वर्षे, मे १९३० मध्ये, सोलापूर शहर ब्रिटिश सत्तेविरुद्ध पेटून उठले होते. गोळीबार झाला, मार्शल लॉ पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे हे चौघे येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्या चौघांची नावे एका दमात घेतली की जातिधर्माच्या भिंती ओलांडणारे एक भ्रातृत्व डोळ्यांसमोर उभे राहते. ते खरेच होते, त्याला उणे लेखण्याचे कारण नाही. पण ज्या जिल्ह्यात हे घडले, त्याच जिल्ह्यातल्या माणसांना पाण्यासाठी वेगळी विहीर लागत होती. देश एकच होता आणि पाणवठे दोन होते. देशभक्तांच्या बंधुत्वाची व्याप्ती पाणवठ्यापाशी येऊन थांबत होती, हे प्रस्थापित इतिहासकारांनी सांगितलेले नाही.

महाराष्ट्रात देशभक्तांच्या बंधुसंघटनांची परंपरा जुनी आहे. नाशकात १८९९ साली सावरकरांची ‘मित्रमेळा’ निघाली आणि १९०४ मध्ये तिचे ‘अभिनव भारत’ झाले. इटलीतल्या मॅझिनीच्या ‘तरुण इटली’चा आदर्श, शपथ, गुप्तता, प्राणार्पणाची तयारी हे सर्व तिथे होते. त्याच १९०४ साली पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय हितचिंतक मित्र समाज’ स्थापन केला. दोन्हीकडे ‘मित्र’ हाच शब्द आहे. कांबळे हे पुण्यातल्या फ्रीमेसन मंडळींच्या सभागृहात बटलर होते. जगातले सगळे सभासद एकमेकांचे भाऊ, असे मानणाऱ्या संस्थेत ताटे-पेले मांडणाऱ्या माणसाने आपल्या बहिष्कृत बांधवांसाठी स्वतःचा मित्र समाज काढावा, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. एका मित्रमंडळाला परकी सत्ता उलथवायची होती. दुसऱ्याला आधी माणूस म्हणून गणले जायचे होते, आणि त्यासाठी ते त्याच सत्तेकडे अर्ज करीत होते. या अर्जांवरूनच पुढे आपल्या माणसांना ‘सरकारधार्जिणे’ म्हटले गेले.

ते अर्ज मुख्यतः सैन्यभरतीसाठी होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत महार शिपाई लढले, पण पुढे १८९० नंतरच्या काळात इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’ ठरवल्या आणि महारांची भरती बंद केली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली गेली. मागे राहिले ते शिस्त अंगी मुरलेले सुभेदार, हवालदार, शिपाई. गावात वाकून जोहार घालायचा आणि पलटणीत ताठ मानेने सलामी द्यायची, असे दुहेरी आयुष्य या माणसांनी काढले होते.

बाबासाहेबांनी १९२७ च्या १ जानेवारीला कोरेगावच्या स्तंभापुढे सभा घेतली, आणि त्याच वर्षी महाड घडले. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर सवर्णांनी मंडपात, रस्त्यात गाठून माणसांना झोडपले. परिषद भरवायची तर तिचे रक्षणही आपणच करायचे, हा धडा त्या मारातून मिळाला. डिसेंबरातल्या दुसऱ्या परिषदेत, २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले तेव्हा, स्वयंसेवकांची शिस्त होती. मुंबईच्या चाळींत आंबेडकर सेवा दल म्हणून वाढलेली हीच मंडळी समता सैनिक दल म्हणून ओळखली जाऊ लागली. निवृत्त शिपायांनी तरुणांना कवायत शिकवली. ‘सावधान’ म्हटल्यावर महारवाड्यातला पोरगा छाती काढून उभा राहतो, याचा अर्थ ज्याच्या बापाने आयुष्यभर पाटलापुढे मान खाली घातली त्यालाच पुरता कळेल. इतरांच्या दलांत कवायत हा व्यायाम होता. इथे ती शरीराने शिकलेली समता होती.

जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली, तेव्हा २० तारखेला दलाचेही अधिवेशन भरले. त्याच दिवशीच्या महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. ‘बंधुता’ या शब्दात बहिणी कुठे बसतात, हे अजूनही आपण नीट विचारलेले नाही. तीनच आठवड्यांनी ‘छोडो भारत’ची घोषणा झाली आणि फेडरेशनवाले देशद्रोही ठरले! पण कुठल्या देशाचे? बाबासाहेबांचे उत्तर संविधानसभेत मिळाले. जानेवारी १९४७ मध्ये संमत झालेल्या उद्दिष्टांच्या ठरावात न्याय होता, स्वातंत्र्य होते, समता होती, बंधुता नव्हती. ती बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने १९४८ च्या मसुद्याच्या सरनाम्यात घातली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी जातींना राष्ट्रविरोधी म्हटले, कारण त्या माणसामाणसांत मत्सर आणि तुटकपणा निर्माण करतात. देशभक्तीची कसोटीच त्यांनी उलटी करून दाखवली : जो जात पाळतो त्याने आधी उत्तर द्यावे.

पुढचा इतिहास तितका उजळ नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या धम्मदीक्षेत लाखोंचा समुदाय दलाने सांभाळला. १९५७ साली रिपब्लिकन पक्ष निघाला आणि फुटत गेला, तशी दलाचीही शकले झाली. १९७२ ला पँथर आली तेव्हा तिने कवायतीपेक्षा शब्द आणि रस्ता हाती घेतला. आजही दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर, कोरेगावला दलाचे सैनिक उभे असतात.

एक प्रश्न मात्र आपल्या घरातला आहे. या सीमेवरच्या तालुक्यात मराठी बोलणारा महार आहे, कानडी बोलणारा होलेर आहे, मांग आहे, चांभार आहे, ढोर आहे. दलाच्या ओळीत यांतले कोण कुणाशेजारी उभे राहिले, आणि ओळ मोडल्यावर कुणाच्या घरी कोण जेवले? हे कागदावर सापडणार नाही. त्या सैनिकांची मुले-सुना हयात आहेत तोवर अक्कलकोट, वळसंग, मैंदर्गी, दुधनीच्या वस्त्यांत जाऊन विद्यार्थ्यांनी ते उतरवून घ्यावे. पेटीच्या तळाशी एखादी शिट्टी, पट्ट्याचे बक्कल, कवायतीचा पिवळा पडलेला फोटो असेल, तोही मागून पाहावा.