"हिंगोलीत कशाला?" या प्रश्नाचं जुनं उत्तर

मागच्या आठवड्यात एका लग्नाच्या पंगतीत लायगोचा विषय निघाला. शेजारी बसलेले एक निवृत्त इंजिनिअर, मूळचे आमच्याच भागातले, आता पुण्यात स्थायिक, म्हणाले, "अहो, एवढी मोठी प्रयोगशाळा हिंगोलीत कशाला? मोठमोठे शास्त्रज्ञ औंढ्याला येऊन राहणार आहेत का?" सगळे हसले. मीही हसलो, पण पुढची जिलबी काही गोड लागली नाही. तिथं सुचलं नाही ते उत्तर इथं लिहितोय. थोडं लांब आहे, पण वाचा.

गोष्ट अमेरिकेतली आहे, चुंबकांची.

चुंबकाची ताकद टेस्ला या एककात मोजतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण 0.00005 टेस्ला. दवाखान्यातलं एमआरआय मशीन दीड किंवा तीन टेस्लाचं. शास्त्रज्ञांना मात्र याच्या दहापट हवं असतं. कारण तीव्र क्षेत्रात पदार्थातले इलेक्ट्रॉन वळसे घेऊ लागतात, क्षेत्र वाढेल तसे ते वळसे आवळत जातात, आणि एरवी लपलेले गुणधर्म मोजता येतात. नवे अर्धवाहक, नवे अतिवाहक समजून घ्यायचे तर हे लागतंच.

या कामाची पंढरी म्हणजे बोस्टनशेजारची एमआयटी. तिथल्या फ्रान्सिस बिटर यांनी 1930च्या दशकात एक साधी पण जबरदस्त युक्ती केली. तारेचं वेटोळं करण्याऐवजी त्यांनी भोकं पाडलेल्या तांब्याच्या चकत्या एकावर एक रचल्या आणि भोकांतून पाणी खेळवलं. प्रचंड वीज सोडली तरी चुंबक वितळला नाही, आणि क्षेत्र 10 टेस्लापर्यंत गेलं. पुढे 1960मध्ये तिथं राष्ट्रीय चुंबक प्रयोगशाळा उभी राहिली आणि नंतर तिला बिटर यांचंच नाव मिळालं. डॅनियल त्सुई आणि होर्स्ट श्टॉर्मर यांनी 1981मध्ये याच प्रयोगशाळेत जो शोध लावला, त्याला 1998चं नोबेल मिळालं.

असा दबदबा असताना अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने ठरवलं, की तीव्र चुंबकांची नवी राष्ट्रीय प्रयोगशाळा उभारायची. एमआयटीने प्रस्ताव दिला. सगळ्यांना वाटलं, विषय संपला.

पण दुसराही एक प्रस्ताव आला, फ्लोरिडातल्या टॅलाहासीहून. राज्याची राजधानी, पण वस्ती तेव्हा जेमतेम सव्वा लाख. चुंबक संशोधनात गावाचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. तिथल्या फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीने गेन्सव्हिलच्या युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाला सोबत घेतलं. फुटबॉलच्या मैदानावर ही दोन विद्यापीठं एकमेकांची कट्टर वैरी! तिसरी जोडीदार न्यू मेक्सिकोतली लॉस अलामॉस प्रयोगशाळा. आणि मुख्य म्हणजे राज्य सरकारने शब्द दिला, की इमारत, प्राध्यापकांच्या जागा आणि यंत्रसामग्री यांसाठी आम्हीही तिजोरी उघडतो.

ऑगस्ट 1990मध्ये निकाल लागला. टॅलाहासी! पाच वर्षांसाठी 6 कोटी डॉलर.

एमआयटीत खळबळ उडाली. त्यांनी फेरविचाराची मागणी केली, ती फेटाळली गेली. इथं एक गोष्ट लपवून चालणार नाही. तांत्रिक गुणवत्तेवर परीक्षकांचा कौल एमआयटीच्या बाजूने होता. फाउंडेशनने तो बाजूला ठेवून राज्याची बांधिलकी आणि नव्या लोकांची उमेद यांना वजन दिलं. "हे राजकारण आहे" असा आरोप झाला, आणि तो अगदीच बिनबुडाचा होता असं मी म्हणणार नाही. अनुभवी लोकांना डावलणं ही छोटी गोष्ट नसते. निकाल चुकला असता तर देशाची दहा वर्षं वाया गेली असती.

मग झालं काय? दिलेला शब्द पाळला गेला. अतिवाहकतेच्या सिद्धांतासाठी 1972चं नोबेल मिळवलेले रॉबर्ट श्रीफर 1992मध्ये टॅलाहासीला राहायला आले. (साहेब, ऐकताय ना?) एमआयटीच्या प्रयोगशाळेकडे सुमारे 10 मेगावॅट वीज होती, इथं 40 मेगावॅटची सोय झाली. 1994मध्ये उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या हस्ते उद्घाटन झालं. दशक संपता संपता 45 टेस्लाचा चुंबक उभा राहिला. आत 33.5 टेस्लाचा बिटर पद्धतीचा चुंबक आणि त्याभोवती 11.5 टेस्लाचा अतिवाहक. म्हणजे हरलेल्या एमआयटीतल्या बिटर यांचीच युक्ती, जिंकलेल्या गावात. 2012मध्ये याच प्रयोगशाळेच्या लॉस अलामॉस शाखेने क्षणभरासाठी का होईना, 100 टेस्लाचा टप्पा ओलांडला, तोही चुंबक न फुटता.

आज जगभरातले संशोधक तिथं जातात. प्रस्ताव मंजूर झाला तर चुंबक वापरायला पैसे पडत नाहीत. अट एवढीच, की निष्कर्ष जगासमोर मांडायचे.

आता आपल्याकडे. लायगो चुंबकांची नाही, गुरुत्वीय लहरींची वेधशाळा आहे, आणि औंढा नागनाथची निवड कुणावर मेहेरबानी म्हणून झालेली नाही. जमिनीची कंपनं कमी असलेली जागा हवी होती, ती इथं मिळाली. एप्रिल 2023मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 2,600 कोटी रुपये मंजूर केले. जागा आपल्या नशिबाने मिळाली म्हणा हवं तर. पण श्रीफरसारखा माणूस गावात राहायला येतो तो नशिबाने येत नाही. त्यासाठी शाळा, दवाखाना, रस्ता, खात्रीची वीज लागते. नांदेडच्या विद्यापीठात भौतिकशास्त्राची दमदार फळी लागते. निर्वात यंत्रणा, लेझर यांचं काम शिकलेली आपल्याच पॉलिटेक्निकमधली पोरं लागतात. नाहीतर संशोधक बाहेरून येतील, काम करतील आणि शनिवारी गाडी पकडून निघून जातील. आपल्या वाट्याला कुंपण आणि वॉचमनची नोकरी.

तेव्हा त्या साहेबांचा प्रश्न मला आता तितका झोंबत नाही. तो फक्त चुकीच्या ठिकाणी विचारला गेला. पुढच्या वेळी आपले आमदार, खासदार गावात आले, की मी तोच विचारणार आहे: मोठे शास्त्रज्ञ इथं येऊन राहावेत म्हणून तुम्ही नेमकं काय करताय? तुम्हीही विचारा.