एरिक विल्यम्स यांची राजकीय कारकीर्द

४. एरिक विल्यम्स (१९११–१९८१) हे त्रिनिदाद व टोबॅगोचे पहिले पंतप्रधान असले तरी पेशाने इतिहासकार होते, आणि गुलामगिरीच्या अंतामागे मानवतावादापेक्षा आर्थिक हितसंबंध अधिक प्रभावी होते, हे ‘कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी’ (१९४४) या ग्रंथातील त्यांचे प्रतिपादन आजही वादविषय आहे. कॅरिबियन आयोगातील (वसाहतींविषयी सल्ला देणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळातील) नोकरी १९५५ मध्ये संपल्यावर त्यांनी पोर्ट ऑफ स्पेनच्या वुडफर्ड चौकात जाहीर व्याख्याने दिली, १९५६ च्या आरंभी पीपल्स नॅशनल मूव्हमेंट हा पक्ष काढला आणि त्याच वर्षी २४ पैकी १३ जागा जिंकून सत्ता मिळवली. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या वेस्ट इंडीज संघराज्यातून जमैका सार्वमताने बाहेर पडताच, दहातून एक गेला की शून्य उरते, असे गणित मांडून त्यांनीही संघराज्य सोडले. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला. ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून आणलेल्या भारतीयांच्या वंशजांशी मात्र त्यांचे कधी पुरते जुळले नाही, आणि १९५८ च्या संघीय निवडणुकीतील पराभवानंतर या समाजाला त्यांनी लावलेली कठोर विशेषणे त्यांच्यासारख्या अभ्यासकाला न शोभणारीच होती. १९७० च्या ‘ब्लॅक पॉवर’ आंदोलनाच्या व लष्करी बंडाच्या पुढच्याच वर्षी, विरोधकांच्या बहिष्कारामुळे, त्यांच्या पक्षाला सर्व ३६ जागा मिळाल्या, पण मतदान जेमतेम एक तृतीयांश झाले होते. १९७३ नंतरच्या तेलाच्या भाववाढीने त्यांच्या राजवटीला बळ दिले. २९ मार्च १९८१ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले आणि पक्षाच्या तीन उपनेत्यांपैकी जॉर्ज चेंबर्स यांची राष्ट्राध्यक्षांनी पंतप्रधानपदी नेमणूक केली.